पहिल्यापासून वाचा

दुर्गाघाटावरच्या पाठशाळेत प्रल्हादशास्त्री चाळीस वर्षं शिकवत होते. त्यांचा नियम एकच: मधलीच ओळ म्हणणाऱ्याने तो अध्याय पहिल्यापासून म्हणायचा.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मालविका साळवे ही ख्रिस्ती नर्स भाड्याने राहायची. नवऱ्याने, निनादने, मारून तिचा गाल सुजवला, तेव्हा चर्चमधले एक वडीलधारे समजूत घालायला आले. तीही निनादची नाही, तिचीच. बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं असं बायबलात लिहिलंय, ते म्हणाले.

जिन्यात ते ऐकून शास्त्री तडक वर गेले. "अध्याय पहिल्यापासून वाचा."

"पंडितजी, आमच्या ग्रंथातलं आपल्याला काय कळणार?"

"काही नाही. म्हणून तर पूर्ण ऐकायचंय. एक ओळ तोडून आणणाऱ्याला मी वर्गात बसू देत नाही, आणि तुम्ही त्या ओळीवर हिला मार खायला बसवताय."

नाइलाजाने ते वाचू लागले. अधीन राहण्याची ओळ आली. थोडं पुढे दुसरी आली: ख्रिस्ताने जशी स्वतःचा जीव देऊन प्रीती केली, तशी नवऱ्याने बायकोवर करावी. तिथे ते अडखळले.

मालविकाने गालावरचा बर्फ खाली ठेवला.

"प्रभूने मार खाल्ला, कुणाला मारलं नाही. माझी ओळ मला पाठ आहे. निनादची ओळ त्याला आजवर कुणी वाचून दाखवली?"