बाबांच्या घरी फायर ब्रिगेड

गेल्या नवरात्रात मी फायर ब्रिगेडला फोन केला. आग कुठेच लागली नव्हती. मला बाबांना त्यांच्या लंडनमधल्या ईलिंगच्या फ्लॅटमधून बाहेर काढायचं होतं आणि माझं म्हणणं ते दोन वर्षं ऐकत नव्हते.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं. आई गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. पिनरला माझ्या घरामागे मी त्यांच्यासाठी खोली बांधून घेतली आहे. बागेकडे उघडणारं दार, बसून अंघोळ करता येईल असा शॉवर, देवघरासाठी पूर्वेची भिंत. त्या खोलीत अजून कुणी झोपलेलं नाही.

कारण मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी आईबाबा नवरात्रात माझ्याकडे राहायला होते. आईने घट बसवले होते आणि शेजारी अखंड दिवा लावला होता. नऊ दिवस तो तेवत ठेवायचा असतो. पाचव्या दिवशी आम्ही सगळे एका लग्नाला लेस्टरला निघालो. आई म्हणाली, मी थांबते दिव्यापाशी. मी म्हटलं, काही गरज नाही, गाडीत बस. सगळे बसल्यावर मी किल्ली विसरल्याचं सांगून आत गेलो आणि दिवा फुंकला. नवीन घर, लाकडी जमीन. पेटता दिवा ठेवून कुलूप कसं लावायचं? दिव्याला फुंकर मारू नये, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. परत आल्यावर आईने काजळी धरलेली वात पाहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी बॅग भरली.

ते चुकलंच. पण सोळाव्या वर्षी बाजारात पडद्यांचे तागे खांद्यावर घेऊन उभा राहिलो, कुणापुढे हात पसरला नाही, दोन दुकानं केली, आईबाबांचं प्रत्येक आजारपण काढलं. बाबांच्या तराजूत हे सगळं एका पारड्यात आणि ती एक फुंकर दुसऱ्यात. आणि फुंकरच जड. याचा मला अजून राग येतो.

आता आईचा तो दिवा बाबा लावतात. ब्रिगेडचे लोक घरी येऊन पाहणी करतात आणि स्मोक अलार्म फुकट बसवून देतात, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं. मी लगेच फोन लावला. वय काय, एकटे असतात का, ऐकू येतं का, घरात उघडी ज्योत असते का, असे प्रश्न आले. प्रत्येक उत्तर मी गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसं उलगडून दिलं. मला त्यांच्याकडून एकच वाक्य लेखी हवं होतं: या गृहस्थांनी एकटं राहणं धोक्याचं आहे.

आठवड्याच्या आत, सकाळी अकराला, लाल बंब इमारतीखाली येऊन उभा राहिला. मी आधीच पोचलो होतो. वर आले दोघं: एक चाळिशीची बाई, तीच प्रमुख, आणि एक उंच शीख गडी. बाबांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं.

"तू बोलावलंस?"

"तुमच्या काळजीनेच ना, बाबा."

"काळजी गणवेशात येते वाटतं तुझ्याकडे."

बाईने घर नीट पाहिलं. स्वयंपाकघर, हीटर, एकाच प्लगमध्ये खोचलेल्या चार वायरी. मग देवघर. दिवा पितळी परातीत होता, परातीत पाणी, भोवती काचेची चिमणी. मी पुढे झालो.

"बघा. नऊ दिवस, चोवीस तास. माणूस ब्याऐंशीचा. हे लिहून घ्या."

ती गुडघ्यावर बसली, परातीची कड बोटाने चाचपली. "पाणी कुणाची कल्पना?"

"बायकोची," बाबा म्हणाले.

"उत्तम कल्पना. पण दिवा इथे नको. हा पडदा पाहा. जमिनीपर्यंत लोळतोय, खिडकी उघडली की थेट ज्योतीवर जाणार. आधी हाच पेटेल."

पडदा माझ्या दुकानातला होता. मापापेक्षा लांब झालेला, गिऱ्हाइकाने परत केलेला, मीच दोन वर्षांपूर्वी आणून लावलेला. त्या गड्याने बाबांना विचारलं, "कुठून घेतलात?"

"मुलाने दिला," बाबा म्हणाले. "त्याला विकता आला नाही म्हणून."

गडी हसला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पडद्याचं सोडा, मी आत्ता काढतो, तुम्ही मुद्द्याचं बोला, हे एकटे राहू शकतात की नाही?

बाई उठून उभी राहिली. "आमचं काम त्यांना इथे सुरक्षित ठेवायचं आहे. इथून काढायचं नाही."

"दोन ओळी लिहायला काय जातं तुमचं?"

"तुमच्या वडिलांना विचारलंत का?"

बाबा साबुदाण्याची खिचडी बशांत वाढत होते. न वळता म्हणाले, "हे माझं घर आहे, तुझं दुकान नाही. इथे घासाघीस करू नकोस."

छतावर अलार्म बसला. मग तिने पेटीतून एक चपटी चकती काढली, वायर जोडलेली. ही उशीखाली ठेवायची. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असते, अलार्म वाजला की थरथरते. आधी नुसत्या अलार्मने किती जाग येते ते पाहू, असं म्हणून तिने बाबांना झोपायला सांगितलं. बाबांनी यंत्रं काढून टेबलावर ठेवली, चष्मा ठेवला, पलंगावर आडवे झाले, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले.

तिने बटण दाबलं. मी दोन्ही कान दाबून धरले तरी तो आवाज डोक्यात घुसत होता. बाबा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. आई हॉस्पिटलात शेवटी अशीच दिसली होती. मी "बाबा!" म्हणून ओरडलो. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

"बंद करा," मी म्हटलं.

मग तिने चकती उशीखाली सरकवली आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी बाबांनी लगेच डोळे उघडले, उठून बसले, एका कानात यंत्र घातलं आणि गड्याला म्हणाले, "मेलेला माणूससुद्धा उठेल याने."

म्हणजे माझा दावा गेला होता. ज्यांना मी साक्षीला आणलं, त्यांनीच बाबांना इथे राहायची सोय करून दिली होती. मी पडदा काढला, घडी घातली. गड्याने देवघराचा पाट बाबांच्या सांगण्यावरून आतल्या भिंतीशी सरकवला, दिवा न हलेल अशा बेताने. मला कुणी हात लावायला सांगितलं नाही. मीही पुढे झालो नाही.

शेवटी बाईने फॉर्म काढला. "काही झालं तर कुणाला कळवायचं?"

मी फोन नंबर सांगायला तोंड उघडलं.

"खालच्या मजल्यावरची पोलिश बाई," बाबा म्हणाले. "तिच्याकडे किल्ली असते."

"बाबा, मी मुलगा आहे तुमचा."

"ती दोन मिनिटांत येते. तुला तास लागतो. आणि आल्यावर आधी भांडतोस."

तास लागतो हे खरं होतं. बाईचं पेन फॉर्मवर थांबलं होतं. मी बाबांच्या पुढ्यात खाली बसलो, त्यांना ओठ दिसतील असा, आणि हळू म्हटलं, "दुसरं नाव लिहितात ना? तिथे माझं लिहा."

बाबांनी दुसऱ्या कानातही यंत्र घातलं. "काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी परातीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग बाईला म्हणाले, "लिहा. पण किल्ली याला देणार नाही."

तिने लिहिलं. मी नंबर सांगितला, दोनदा, एकेक आकडा.