कारणाचा रकाना

अमेरिकेत आयसेलिनला आमच्या ऑफिसखाली मिठाईचं दुकान होतं, आणि सकाळी अकराच्या सुमाराला तुपाचा खमंग दरवळ जिना चढून थेट माझ्या टेबलापर्यंत येत असे. वसंतात खिडकी उघडली, की त्यात रस्त्याकडेच्या झाडांचा वास मिसळायचा. पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडलेली ती देखणी झाडं, आणि वास मात्र शिळ्या मासळीचा. दोन हजार आठ साली अशाच एका सकाळी आमच्या वकिलाचा फोन आला. राज्यात नवा कायदा होत होता: घरात तान्हं मूल आलं किंवा कुणी आजारी पडलं तर काही आठवडे रजा, आणि त्या काळात पगाराचा काही भागही मिळणार. तो लागू होण्याआधी रजेचे आणि कामाच्या वेळांचे नियम लेखी करून ठेवा, असा त्याचा सल्ला होता.

मला हसूच आलं. डॉक्टरांची बिलं विमा कंपन्यांकडे पाठवणारं आमचं इवलंसं ऑफिस; सहा जणी आणि सातवी मी, मालकीण. सगळ्या मला काकू म्हणत, डबे एकत्र उघडले जात, आणि मी आजवर कुणालाही कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. आपल्या आपल्यात कसले आलेत नियम! वैशाली आमच्याकडची सगळ्यात हुशार. तिची आई नागपूरला वारली तेव्हा मी तिला तीन आठवडे भरपगारी रजा दिली होती, आणि आता लपवण्यात काय अर्थ, ही गोष्ट मी महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणा ना कुणाला ऐकवली होती.

तरी वकिलाचं मन राखायचं म्हणून एक तक्ता केला. नाव, सोयीच्या वेळा आणि शेवटच्या रकान्यात कारण. आठवडाभर तो कागद कॉफीमशीनशेजारी कोरा पडून राहिला. विचारलं तर प्रत्येकीचं एकच, "काकू, एव्हरीथिंग इज फाइन, चाललंय ना छान!" मी मनातून सुखावले. वकील मात्र म्हणाला, त्यांना सांगा, तुमच्याकडे नको, माझ्याकडे पाठवा. दोन दिवसांत सहाच्या सहा जणींचे कागद त्याच्याकडे पोचले, आणि त्यांना विचारून त्याने ते माझ्याकडे धाडले.

वैशालीचा कागद मी उभ्यानेच वाचायला घेतला. नऊ वर्षांची मुलगी तीनला शाळेतून घरी येते आणि मी सहाला पोचते, असं तिने लिहिलं होतं. तोवर ती एकटी असते. कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही, गॅस लावायचा नाही, असं बजावून ठेवलंय. गेल्या महिन्यात कुणीतरी बराच वेळ दार ठोठावत राहिलं, तेव्हा ती कपाटात जाऊन बसली. मला पावणेतीनला निघून उरलेलं काम घरून करता आलं तर करायचं आहे, नाही तर जूनमध्ये मी नोकरी सोडेन. कागद तिथे संपला, आणि मला ऑफिसचा फोन आठवला: रोज तीन वाजून दहा मिनिटांनी तो दोनदा वाजून बंद होतो, म्हणून मी फोन कंपनीकडे तक्रार केली होती. म्हणजे तो त्या पोरीचा मिस्ड कॉल होता, सुखरूप पोचल्याचा. मी खुर्चीत बसले.

"अगं, मला एका शब्दाने सांगायचंस ना!" मी तिला आत बोलावून म्हटलं, आणि तेही चिडून, जणू चिडण्याचा हक्क माझाच होता.

तिने मान वर केली नाही. "काकू, तुम्ही लगेच हो म्हटलं असतंत, माहितीये मला. आणि मग मंडळात सगळ्यांना कळलं असतं की मी पोरीला एकटी ठेवते. आईच्या वेळच्या सुट्टीचं लोक अजून मला विचारतात."

वैशालीच्या दुपारींसाठी त्या नव्या कायद्यात एक ओळही नव्हती; तो आजारपणाचा आणि बाळंतपणाचा कायदा, सुदृढ पोरीच्या भीतीचा नव्हे. मग जे लिहायचं ते मलाच लिहायला हवं होतं. काम पूर्ण होत असेल तर प्रत्येकीने आपल्या वेळा आपण ठरवाव्यात, त्या एकदा कळवाव्यात, पुन्हा परवानगी मागू नये, असं मी लिहिलं. कारणाचा रकाना मात्र मी सगळ्यात शेवटी खोडला. सगळ्यांची कारणं ठाऊक असणं म्हणजेच माया, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती.

सोमवारी पावणेतीनला वैशालीने कॉम्प्युटर बंद केला, पर्स खांद्याला लावली, आणि माझ्या टेबलासमोरून न थांबता, न विचारता ती जिना उतरून गेली. अगदी नियमाप्रमाणे गेली, आणि तो नियम मीच केला होता. 'काकू, निघू का?' एवढं ऐकायला माझे कान किती सोकावले होते, ते मला त्या क्षणी कळलं; आणि खरं सांगते, बरं वाटायच्या आधी मला तिचा राग आला.