चिमटीत धरलेली कादंबरी

मेलेला उंदीर चिमटीत धरावा तशी ती जाडजूड कादंबरी ते माझ्या टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "शी. किळस आली." दर पावसाळ्यात पुन्हा तीच मागायचे.

मी अलिबागच्या एका वाचनालयात पुस्तकं देते-घेते. ते कोर्टातले निवृत्त कारकून. किळस मलाही यायची, पण त्यांची. असे वाचक तुम्हीही पाहिले असतील. थुंकी लावून पानं उलटायची, पानोपानी तपकीर सांडायची, वर समासात पेन्सिलीने 'शी' लिहायचं. खोडरबराने पुसता पुसता मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे.

कादंबरी जुनी, विलायतेतल्या राणीच्या काळातली, मराठीत आणलेली. लोहाराने वाढवलेला अनाथ पोरगा शहरात जाऊन साहेब होतो, आणि लोहार भेटायला आला की पोराला त्याची लाज वाटते. त्या पानावरचं 'शी' इतकं दाबून लिहिलेलं की कागद फाटला होता.

"एवढी किळस येते तर वाचता कशाला?" एकदा मी चिडून विचारलं.

"लोहारासाठी," ते म्हणाले. "काय माणूस लिहिलाय, बाई. अपमान गिळतो आणि वर पोराचीच समजूत काढतो." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "आमचा दादा मिठागरावर राबला, मला शिकवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा भाकऱ्या घेऊन कोर्टात आला. पाय मिठाने फुटलेले. साहेबांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, आमचा गडी. दादा म्हणाला, व्हय साहेब, गडी हाय."

मला त्यांची खरोखर शिसारी आली, आणि मी ती लपवलीही नाही. "माफी मागितलीत?"

"इतकी वर्षं तोंडच उघडत नाही. या वेळी हे पान त्याला वाचून दाखवतो. तेवढं तरी जमेल."

पुस्तक परत आलं दिवाळीनंतर, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून. आणणारा म्हातारा दारातच उभा राहिला. त्याच्या पावलांना पांढऱ्या भेगा होत्या.

"तो गेला," म्हातारा म्हणाला. "आठ दिस झालं. लोहार शहरात येतो तवर वाचलान. मंग पुस्तक मिटलान नि रडत बसला. पुढं काय झालं, नाय सांगितलान."

मी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. ओळखलं होतं मी त्याला. तरी नोंद करायची म्हणून विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

"गडी हाय मी त्यांचा," तो म्हणाला.