दोन गाड्यांच्या मधली आजी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तडकतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडात लपलेले फरारी आरोपी बाहेर काढले. पण सकाळी नऊ वाजता दोन सख्खे भाऊ ठाण्यात येऊन एकमेकांविरुद्ध अगदी एकच तक्रार देतात, असा प्रकार एकदाच पाहिला. थोरल्याचं म्हणणं, धाकट्यानं आईला गायब केलं. धाकट्याचं म्हणणं, थोरल्यानं केलं. ठाणे अंमलदार पेन उघडून बसला होता आणि आधी कुणाचं लिहून घ्यावं ते त्याला कळत नव्हतं.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. घर बारामतीला, त्यामुळे रोजची येजा. नावं मी सांगणार नाही. भवानीनगर आणि कळंब यांच्या दरम्यानची एक बागायती वस्ती, एवढं पुरे.

दोघांना बाकाच्या दोन टोकांना बसवलं, मध्ये एक शिपाई बसवला आणि मग पाऊण तासाच्या भांडणातून मला एवढी हकिकत मिळाली. वस्तीवरची तीस-बत्तीस माणसं दोन मिनीबस करून कोकणात एका दिवसाच्या सहलीला गेली होती. तिथला एक स्थानिक गाईड ठरवलेला. सकाळी खाडीतून होडीनं बेटावर जायचं, दुपारी परत यायचं, मग जवळचं खारं तळं आणि त्याच्या काठची मिठागरं पाहायची आणि घरी. सगळे उशिरा परतले आणि आपापल्या घरी जाऊन झोपले. सकाळी थोरली सून सासूच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन धाकट्या जावेच्या दारात गेली आणि आत्या उठल्या का, असं विचारलं. धाकटी म्हणाली, त्या तुमच्याकडंच हायत की. तेव्हा कुठं या दोन घरांना कळलं की पंचाहत्तरीची म्हातारी आपल्याबरोबर परत आलीच नाही. थोरल्यानं ते गाठोडं ठाण्यात आणलं होतं, त्यात तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या. म्हणजे म्हातारी तिकडे समुद्राच्या काठी आणि गोळ्या इकडे टेबलावर.

सासूचं गाठोडं सुनेच्या हातात कसं, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर थोरल्यानं दिलं, तेही जरा अभिमानानं. वडील वारल्यावर भावांनी वाटण्या केल्या. रान वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, बांधावरच्या आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या. आई वाटता येईना, म्हणून तिची पाळी लावली. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. पौर्णिमेच्या संध्याकाळी आईनं गाठोडं उचलायचं आणि बांध ओलांडायचा. मी विचारलं, सरळ महिन्याची एक तारीख का नाही धरली? तर म्हणे, इंग्रजी महिना कधी तीसचा, कधी एकतीसचा, एकाला एक दिवस जास्त पडतो. हे ऐकून आमच्या महिला हवालदार बाई उठून पाणी प्यायला गेल्या.

सहलीचा दिवस नेमका पौर्णिमेचा होता.

हरवल्याची नोंद केली आणि समुद्रकाठच्या ठाण्याला फोन लावला. तिथल्या अंमलदारानं मला हद्द शिकवायला सुरुवात केली. व्यक्ती तुमच्या गावची, तक्रारदार तुमचे, मिसिंग तुमच्याकडे दाखल, मग आम्ही काय करायचं? मी म्हणालो, व्यक्ती तुमच्या खाडीत आहे, ती शोधायची. दहा मिनिटं अशीच गेली. शेवटी मी त्यांच्या साहेबांशी बोललो तेव्हा माणसं बाहेर पडली. तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पौर्णिमा म्हणजे समुद्राला उधाण, आणि खाजणाच्या, त्या खाऱ्या दलदलीच्या, कडेनं उधाणाचं पाणी कुठवर चढतं हे आमच्या कालव्याकाठच्या माणसाला काय माहीत असणार?

तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर एक खबर आली. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. म्हणाला, थोरल्याच्या बायकोनं सहलीला निघतानाच सासूचं गाठोडं गाडीत घातलं होतं. एका दिवसाच्या सहलीला महिनाभराचे कपडे कशाला लागतात, याचा तपास करा. वर आणखी सांगितलं की चार एकर अजून म्हातारीच्या नावावर आहे. अशा खबरेनं कुठल्याही अधिकाऱ्याचे कान टवकारतात, माझेही टवकारले. म्हातारीला तिकडे सोडून यायचं आधीच ठरलं असेल, तर हा मिसिंगचा मामला राहत नव्हता.

थोरल्या सुनेला महिला हवालदारांसमोर बसवून विचारलं. बाई रडली नाही, ओरडली नाही. सरळ सांगितलं, "पौर्णिमा हुती साहेब. पाळी धाकल्या भाऊजींची लागली. मागारी आल्यावर आत्या परस्पर त्यांच्याच घरात उतराव्यात म्हणून गाठूडं संगट घेतलं. न्हाय तर एक रात जास्त आमच्याकडं झाली असती." हे सांगताना तिला आपण काही वावगं बोलतोय असं वाटत नव्हतं. तिथंच मला पटलं की बाई खरं बोलते आहे. खोटं बोलणाऱ्या माणसानं यापेक्षा बरं काहीतरी रचलं असतं.

मग सहलीच्या माणसांचे जबाब सुरू केले. ते म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा होती. आजीला शेवटचं कुठं पाहिलं, असा साधा प्रश्न. एकानं होडी कशी हलली ते सांगितलं. एकीनं पौर्णिमेला मासे खाल्ले कुणी आणि नाही खाल्ले कुणी, याची यादी दिली. एक तात्या तर गाईडवरच चिडले होते. खाऱ्या तळ्यावर त्यानं मोठ्या कौतुकानं रोहित पक्षी दाखवले म्हणे. ह्ये पाखरू तर आमच्या उजनीवर रोजचं हाय, त्येच्यासाठी सात तास गाडीत बसायचं? सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मिळून चारशे फोटो होते. बेटाचे, होडीचे, पक्ष्यांचे, स्वतःचे तर विचारूच नका. आजी एकातही नव्हती.

गाईडला फोन केला. पोरगा भेदरला होता, पण कामात चोख होता. म्हणाला, साहेब, दोन्ही गाड्यांच्या याद्या मी आदल्या दिवशीच मागवून घेतल्या होत्या. होडीत चढताना नावं पुकारून मोजले, उतरताना तसंच मोजले, तळ्यावरून निघताना प्रत्येक गाडीत चढून मोजले. ओहोटी लागली की होडी गाळात बसते म्हणून बेटावर घाई केली हे खरं, पण मोजण्यात चूक नाही. त्यानं याद्यांचे फोटो पाठवले. मी त्या तीनदा वाचल्या. पहिल्या गाडीच्या यादीत थोरल्याचं कुटुंब होतं, दुसऱ्या गाडीच्या यादीत धाकट्याचं. म्हातारीचं नाव दोन्हींत नव्हतं. जाताना थोरल्याची पाळी, येताना धाकट्याची. मग नाव कुणी द्यायचं? दोघांनी एकमेकांवर सोडलं. होडीतही मांडीवरची पोरं मोजत नाहीत, तशी ती मोजणीबाहेर बसून आली होती. गाईडचा आकडा बरोबरच होता, कारण म्हातारी त्या आकड्यात कधी नव्हतीच.

उरलेलं थोरल्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. इंदापूरचे एक वयस्क चाचा, स्वतःची गाडी स्वतः चालवणारे. जाताना आजी त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर होती. परत निघताना ती सीट रिकामी दिसली, म्हणून त्यांनी विचारलं होतं, आजी कुठं हायत? थोरला मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, त्या गाडीत. चाचांनी गाडी काढली. ठाण्यात हे सांगून ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "साहेब, मी खाली उतरून एकदा बगायला पायजे हुतं." बत्तीस जणांत चौकशी करणारा हा एकच माणूस, आणि अपराधी वाटत होतं तेही त्याला एकट्यालाच.

दोघा भावांना समोर बोलावलं आणि याद्या टेबलावर ठेवल्या. थोरला म्हणाला, पौर्णिमा लागल्यावर जबाबदारी माझी नव्हती. धाकटा म्हणाला, पाळी संध्याकाळी बदलते, आमी चार वाजता निघालो. मी दोघांना काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की ठाण्यातला शिपाई खिडक्या लावायला धावला.

दुपारी तीनच्या सुमारास तिकडून फोन आला. त्यांचा हवालदार जरा गोंधळलेला वाटला. म्हणाला, साहेब, मिठागरावर एक आजी आहेत, वर्णन जुळतं, तब्येत ठीक आहे. पण आपण हरवलेल्या नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. गावाचं नाव, मुलांची नावं सगळं बरोबर सांगतात. निघायला मात्र तयार नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जीपनं निघालो. दोघा भावांना मुद्दाम मागच्या एकाच सीटवर बसवलं. सात तासांत ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला तेवढीच विश्रांती मिळाली.

खारं तळं बांधाच्या एका बाजूला होतं, दुसरीकडे मिठाचे चौकोन. आजी तिच्याच वयाच्या एका बाईबरोबर बांधावर बसली होती. ती बाई मिठागरावर राबणारी. दिवस मावळताना एकटी म्हातारी दिसली म्हणून तिनं आपल्या झोपडीत नेलं होतं, जेवू घातलं होतं आणि सकाळी आरोग्य केंद्रातून गोळ्याही आणून दिल्या होत्या. मी जवळ गेलो तेव्हा आजी मला म्हणाली, आमच्या रानात असं पांढरं मीठ फुटलं की माणसं कपाळाला हात लावून बसत्यात, आन हितं ते पिकीवत्यात. मी म्हणालो, आजी, ते राहू दे, तुम्ही मागं कशा राहिलात ते सांगा. जबाब लिहायचाय.

तिनं सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहून घेतलं.

"दोनी गाड्या चालू हुत्या. मी मदी उबी हुते. ह्या गाडीत चढावं तर ह्येची पाळी संपलेली. त्या गाडीत चढावं तर त्येनं बोलीवलं न्हाय. कोन हाक मारतंय का बगत ऱ्हायले. आदी ही गेली, मंग ती गेली."

मी विचारलं, तुम्ही ओरडला का नाहीत? तर म्हणाली, पाच वर्सं झाली, बोलावल्याबिगर कुनाच्या दारात पाय ठेवला न्हाय, आता गाडीत कशी चढू?

थोरला पुढं आला. म्हणाला, "आई, चल."

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. "ह्येवढंच परवा म्हनायचं हुतं," ती म्हणाली.

धाकटा खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. त्याला गप्प कर म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, आणि म्हातारीही त्याच्याजवळ गेली नाही.

मिसिंग बंद करताना एक रकाना भरावा लागतो, मिळून आलेल्या व्यक्तीस कोणाच्या ताब्यात दिलं. मी पेन हातात घेऊन विचारलं, कुणाच्या ताब्यात लिहू? आजी म्हणाली, ताब्यात कशाला, मी काय जप्तीचा माल हाय व्हय? माजं नाव उताऱ्यावर हाय, तितं विहिरीवर खोली हाय, तितं सोडा. मी रकान्यात लिहिलं, स्वतःच्या मर्जीने स्वतःच्या घरी. वरच्या कार्यालयानं त्यावर शेरा मारून कागद परत पाठवला, तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. पुढे बीट हवालदार अधूनमधून खोलीवर डोकावून यायचा. आजी स्वतःची भाकरी स्वतः थापते आणि पोरं विचारून आत येतात, असं त्यानं सांगितलं.

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही. कुठल्या कलमाखाली करणार होतो? कुणी मारलं नव्हतं, ढकललं नव्हतं, हाकललं नव्हतं. वस्तीवर विचारलं तर सगळे सांगायचे, पोरं चांगली आहेत, आईला पाळीनं व्यवस्थित सांभाळतात. ते खोटंही नव्हतं. जेवण, कपडा, गोळ्या, कशातच कसर नव्हती. त्यानंतर वयस्क माणूस हरवल्याची तक्रार आली की शेवटचं कुठं पाहिलं हे मी नंतर विचारायचो, आधी विचारायचो की शेवटची हाक कुणी मारली होती. बहुतेक वेळा समोरचा माणूस आठवत बसायचा.

त्या दोन भावांवर मी आठवडाभर चिडून होतो. घरीही तोच विषय. रविवारी दुपारी बारामतीला ताटं मांडली गेली आणि नेहमीप्रमाणे बायको आईचं ताट वाढून तिच्या खोलीकडे निघाली. मी म्हटलं, थांब, आज मी बोलावतो. आई माझ्याकडेच राहायची, बारा महिने, पाळी वगैरे काही नाही, आणि त्याचा मला त्या आठवड्यात जरा गर्वही झाला होता. मी खोलीच्या दारात उभा राहून म्हणालो, "आई, जेवायला चल." ती दचकून उठून बसली, पदर सावरला आणि घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाली, "काय झालं रे? कोण गेलं?"