जेनीला श्वास शिकवला

"जाधव, स्क्रीन वहीं रहने दो. थोडा चेंज है," मल्होत्रा सर म्हणाले.

बांबूची जाळी बाजूला सरकवत होतो, तसाच थांबलो. कार्यक्रम संध्याकाळी होता.

अबू धाबीतल्या एका हॉटेलच्या जपानी रेस्टॉरंटमध्ये मी शाकुहाची वाजवतो. ही जपानी बांबूची बासरी. आपल्या बासरीसारखी आडवी नाही. उभी धरून वरच्या तिरप्या काठावर फुंकायची. आपल्याकडे फुंकरीचा आवाज झाकतात, इथे तो ऐकू यावा लागतो. दोन सुरांमधली शांतताही संगीतच धरतात.

मी विट्याच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला ग्रॅज्युएट. पुण्यात जपानी भाषेचा क्लास लावला तो नोकरी मिळेल म्हणून. तिथल्या जपानी बाईंनी हे वाद्य हातात दिलं आणि वर्षानुवर्षं फी न घेता शिकवलं. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. हॉटेलनेही व्हिसा दिला, त्यामुळे कुटुंब आणता आलं. अट एकच होती, जाळीमागे बसून वाजवायचं. "गेस्ट को जापानी आदमी इमॅजिन करने दो," मल्होत्रा सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ते आमचे मॅनेजर.

रेस्टॉरंटच्या वर्धापनदिनासाठी त्यांनी माझ्याकडून नवी रचना करून घेतली. त्या दिवशी पुढे बसायचं, असंही कबूल केलं. म्हणून मी बायको सुनीता आणि रेवाला बोलावलं होतं. बाबा काय करतात, असं शाळेत विचारलं तर माझी मुलगी सांगायची, "ही प्लेज बिहाइंड अ थिंग." तिला एकदा दाखवायचं होतं.

"मालिक को व्हिज्युअल चाहिए," सर म्हणाले. "जेनी किमोनो में आगे बैठेगी. तू पीछे से बजा."

जेनी म्हणजे दारात गेस्टचं स्वागत करणारी मनिलाची मुलगी.

"सर, तिला वाजवता येत नाही."

"ॲक्टिंग करेगी. तू सिखा दे."

"माझी फॅमिली येतेय, सर."

"अच्छा है ना. डिनर हमारी तरफ से. यल्ला, जल्दी कर."

व्हिसा त्यांचा होता. मी शिकवायला बसलो.

"सॉरी सर, आय डिडंट आस्क फॉर धिस," जेनी खाली बघत म्हणाली. ते खरंच होतं.

बोटं चुकली तर लांबून कळत नाही. श्वास चुकला तर लगेच कळतं. खांदे उचलायचे नाहीत, श्वास पोटात घ्यायचा. सूर संपताना मान हळूच हलवायची. मध्ये एक मोठी शांतता येते, तेव्हा वाद्य खाली आणायचं नाही. "जाळीमागून माझा श्वास ऐकू आला, की तूही घे," मी सांगितलं. ती चर्चच्या क्वायरमध्ये गाते. पटकन शिकली.

संध्याकाळी सगळं नीट चाललं. मधल्या शांततेत मनात आलं, पुढचा सूर लावूच नये. जेनी नुसतीच बसून राहील आणि सगळ्यांना कळेल. फटींतून तिची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती, माझ्या श्वासाची वाट बघत होती. तिचाही व्हिसा त्यांचाच.

मी श्वास घेतला.

टाळ्या वाजल्या. एक म्हातारे जपानी गृहस्थ उठून जेनीसमोर कमरेत वाकले. ती जाळीकडे वळली, तेवढ्यात मल्होत्रा सर तिला फोटोसाठी घेऊन गेले.

परत येताना रेवा मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, शी वॉज सो गुड. डिड यू टीच हर?"

"हो."

"देन व्हाय वर यू हायडिंग?"

"रेवा, सीटबेल्ट लाव," सुनीता म्हणाली.

आता नवा प्रोग्रॅम ठरला की मी आधी विचारून घेतो, पुढे बसायचं की मागे. उत्तर बहुतेक वेळा मागेच असतं. मी हो म्हणतो. घरच्यांना मात्र बोलावत नाही.