डोळ्यांच्या उंचीवर

बामाचा उग्र वास आला की पुंडलिकनगरच्या पाळणाघरातल्या मावशी आठवतात. मुलाशी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन बोलावे, ‘रडू नको’ म्हणू नये, असे प्रशिक्षणात शिकवल्यापासून त्या दिवसभर उठबस करीत आणि त्यांच्याआधी त्यांचे गुडघे बोलत. जुनी सवय मात्र जिभेवर टपलेलीच असे. “रडू न... रडू येतंय व्हय रं, राजा?”

माझ्या लेकीचा तिथला पहिला दिवस. मला कामावर जायचे होते. ती हात सोडवून, मागे न पाहता खेळण्यांकडे धावली; माझेच पाऊल दारातून निघेना. मावशी आल्या. मी उंच, त्या ठेंगण्या. मुलांचे स्टूल ओढून त्यावर चढल्या, माझ्या डोळ्यांत पाहिले, ओठांवर आलेले काहीतरी कष्टाने गिळले आणि म्हणाल्या, “रडा.”