‘मू’चा एकर

शेवटचं प्रूफ माझ्या टेबलावर होतं. उद्या छपाई. चूक मला दिसली आणि, खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

नागपूरच्या एका प्रकाशन संस्थेत मी तेवीस वर्षं अनुवाद तपासते आहे. पुस्तक चीनमधल्या महादुष्काळाचं होतं. कम्युनिस्ट सरकारच्या धोरणांपायी तिथे कोट्यवधी माणसं मेली. हे पुस्तक मला हवं होतं. साहेबांनी ते वंदनाला दिलं, कालपरवा लागलेल्या पोरीला. मुखपृष्ठावर तिचं नाव! माझ्या पोटात दुखलं. अनुवाद छान उतरला, तेव्हा जास्तच दुखलं.

तर चूक अशी. तिकडे जमीन ‘मू’मध्ये मोजतात. साधारण सहा मू म्हणजे आपला एक एकर. वंदनाने वाचकाच्या सोयीसाठी ‘मू’चं ‘एकर’ केलं, पण पिकाचे आकडे तेच ठेवले. म्हणजे एकरी पीक सहाव्या हिश्श्यावर आलं. मी पेन्सिल खाली ठेवली. छापू दे, म्हटलं. होऊ दे फजिती.

दुपारी बायंडिंगचे किसनभाऊ आले. भंडाऱ्याकडे त्यांचं धानाचं शेत आहे. टेबलावरचं पान ते उभ्याउभ्याच वाचू लागले. शेजारच्या गावावर मात करायला गावचे पुढारी कागदावर भरमसाट पीक दाखवतात, सरकार त्या मापाने धान उचलून नेतं, गाव उपाशी मरतं, असं ते पान.

“मॅडम, एकरी एवढं धान तं आमच्याकडंही होते,” ते म्हणाले. “यात खोटं काय हाय? मंग हे लोक मेले काहून? आळशी असतीन.”

मी ते पान परत वाचलं. ‘एकर’ या एका शब्दाने थापा मारणारे पुढारी खरे ठरले होते आणि मेलेली माणसं आळशी.

प्रूफ घेऊन मी साहेबांकडे गेले. वंदना तिथेच होती. चूक ऐकून तिचा चेहरा उतरला.

“तुम्हाले कधी दिसलं हे?” साहेबांनी विचारलं.

“सकाळी.”

“मंग सकाळीच काहून नाही सांगितलं?”

“हिचं नाव खराब व्हावं म्हणून.”

वंदनाने प्रूफ ओढून घेतलं आणि सगळीकडे ‘मू’ परत लिहायला बसली. छपाई आठवडाभर लांबली.

खोटा आकडा एकजण लिहितो. तो टिकतो मात्र बघून गप्प बसणाऱ्यांच्या जिवावर. हे त्याच पुस्तकात होतं आणि मी ते दोनदा तपासलं होतं.

पुस्तक चांगलं झालं. मला अजून तिचा हेवा वाटतो. आभाराच्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘चूक वेळेत दाखवल्याबद्दल मॅडमचे आभार.’ ते पानही तपासायला माझ्याकडेच आलं. ‘वेळेत’ हा शब्द मी खोडला.